तीनदा गेटवरून परत आलात, चौथ्यांदा आधी फोन करा

पत्र आधी देते. थोडं छोटं केलंय आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

"ताई, मी डिचोली तालुक्यातला, वय ४१, फॅक्टरीत शिफ्ट ड्युटी. आधी खाणीवर स्वतःचा ट्रक होता, २०१८ ला खाणी बंद पडल्या तेव्हा विकला. दारू आधीपण होती पण तेव्हापासून रोजची झाली. आता रोज हाफ लागते, रविवारी सुट्टी असते तेव्हा जास्त. सकाळी उठल्यावर हात थरथरतात, थोडी घेतली की थांबतात. पण ताई मी श्रावण कडक पाळतो, महिनाभर एक थेंब नाही, मग मी अल्कोहोलिक कसा? गेल्या श्रावणात तिसऱ्या रात्री मला भिंतीवर मुंग्याच मुंग्या दिसायला लागल्या, आईने दृष्ट काढली, देवळात गाऱ्हाणं घातलं, दोन दिवसांनी बरं वाटलं. चतुर्थीनंतर परत चालू. बायको माहेरी जाते म्हणते. मेहुणा म्हणतो ह्याला न सांगता चहातून गोळी द्या. म्हापशाला एएची (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडू बघणाऱ्यांचा ग्रुप) मिटींग भरते असं कळलं म्हणून तीनदा गेलो. पहिल्या वेळी बाहेर आमच्या फॅक्टरीतल्या एकाची बाईक दिसली, तशीच स्कूटर वळवली. दुसऱ्या वेळी आतून मोठमोठ्याने हसण्याचा आवाज आला, मला वाटलं इथे काय चाललंय. तिसऱ्या वेळी हॉलला कुलूप. येताना अस्नोड्याला थांबलो, पुढचं काय सांगू. आणि चर्चचा हॉल आहे, आम्ही हिंदू, मला इंग्लिशपण जमत नाही. आमच्या जवळपास मराठीतली मिटींग कुठे भरते ते सांगाल काय? सध्या सेकंड शिफ्ट चालू आहे."

भाऊ, तुम्ही विचारलंय मिटींगचं, पण मी मुंग्यांपासून सुरुवात करणार आहे, कारण तुमच्या अख्ख्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे आणि तुम्ही ती जाता जाता लिहून टाकलीत.

ती बाधा नव्हती आणि दृष्टही नव्हती. आईचा काही दोष नाही, तिला जे माहीत होतं ते तिने केलं, माझ्या आईनेपण तेच केलं असतं. पण झालं काय ते समजून घ्या. दारू मेंदूला रोज खाली दाबते, मग मेंदू पण रोज उलटा जोर लावायला शिकतो, वर्षानुवर्षं हे चालतं, आणि एका सकाळी श्रावण लागला म्हणून तुम्ही दाबणारा हात एकदम काढून घेता. उलटा जोर मात्र तसाच राहतो. म्हणून थरथर, घाम, झोप नाही, छातीत धडधड. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना नसलेल्या गोष्टी दिसायला लागतात, कुठे आहोत काय वार आहे ते कळत नाही, ताप चढतो. डॉक्टर ह्याला डीटी म्हणतात, डिलिरियम ट्रेमेन्स. उपचार मिळाले नाहीत तर ह्यात माणूस दगावतो. तुमची तिसरी रात्र आणि त्या मुंग्या मला त्याच वाटेवरच्या वाटतात, त्या वेळी तुम्ही वाचलात हे नशीब, आणि एकदा असं झालेल्याला पुढच्या वेळी परत व्हायची भीती जास्त असते.

म्हणून दारू सोडवणाऱ्या सदरात कुणी सांगणार नाही असं सांगते, हे वाचून जोशात येऊन उद्या सकाळपासून एकट्याने एकदम बंद करू नका. आधी डॉक्टर. बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, आहे आणि तिथेच आयपीएचबी, मानसोपचारवालं सरकारी हॉस्पिटल. लोक त्या हॉस्पिटलला काय म्हणतात ते मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे, त्यावर आता वेळ घालवायला नको. तिथे दारूसाठी येणारे तुम्ही पहिले नाही. अगदीच तिथे पाय वळत नसेल तर तुमच्या जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रातून सुरुवात करा, ते पुढे पाठवतील. पण खरं सांगा. रोज किती, शेवटची कधी घेतली, सकाळी लागते काय, आणि मुंग्या. मुंग्या लपवू नका, त्या एका गोष्टीवरून तुम्हाला घरी गोळ्या देऊन सोडायचं की भरती करून घ्यायचं हे ठरू शकतं. साधारणपणे काही दिवस शांत करणाऱ्या गोळ्या देतात आणि त्या हळूहळू कमी करत बंद करतात, सोबत बी १ व्हिटॅमिन देतात, थायमिन म्हणतात त्याला, पिणाऱ्यांच्या शरीरात ते फार कमी झालेलं असतं. आणि मध्येच कधी फिट आली, बडबड सुरू झाली, माणसं ओळखेनाशी झाली तर कुणालाही न विचारता घरच्यांनी १०८ लावायचा. हे बायकोला आणि आईला दोघींना सांगून ठेवा, आजच.

मेहुण्याला पण एक निरोप द्या. ती चहातली गोळी म्हणजे बहुतेक डायसल्फिराम. ती असताना दारू पोटात गेली तर तोंड लालबुंद होतं, उलट्या, छाती धडधडते, बीपी धाडकन खाली येतो, हृदय कमजोर असेल तर जीवावर बेततं. ज्याला माहीत आहे तो त्या भीतीने पीत नाही, म्हणून ते औषध काम करतं. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखा हाफ मारणार आणि मग घरच्यांनीच विष घातल्यासारखं होईल. डॉक्टरने तपासून, तुम्हाला समजावून, तुमच्या होकाराने दिली तर गोष्ट वेगळी. चहातून नको.

आता श्रावण. तुम्ही महिनाभर थांबता हे खोटं नाही, त्याबद्दल मान आहे. पण मला सांगा, श्रावणात कॅलेंडर कितीदा बघता? माझा दादा बघायचा. तो श्रावण पाळायचा, मार्गशीर्षातले गुरुवार पाळायचा, आणि चतुर्थीला गणपती पोचवून आला की ओल्या कपड्यांनी आधी बारवर. आम्ही सगळे म्हणायचो बघा, मनात आणलं तर सोडतो की. ज्याला दारूचं काही नाही त्याला श्रावण संपल्याचं कळतपण नाही हो. तुम्हाला भाद्रपदाची तारीख तोंडपाठ असते. तरी अल्कोहोलिक आहात की नाही ह्याचा निकाल मी देणार नाही, आणि मिटींगमध्येसुद्धा कुणी देत नाही. एएमध्ये यायला एकच अट आहे, दारू सोडायची इच्छा. सर्टिफिकेट कुणी मागत नाही.

हो, दादा. मी हे सगळं पुस्तकातून सांगत नाहीये.

आम्ही फोंड्याकडचे. दादाने मिटींगला जायचं ठरवलं तेव्हा पहिली अट घातली की फोंड्यात नको, कुणीतरी बघेल. म्हणून मडगाव शोधलं, पाऊण तास लांब. मी सोबत गेले कारण ती ओपन मिटींग होती, ओपनला घरचे लोक किंवा कुणीही बसू शकतो, क्लोज्ड असली तर फक्त ज्यांना स्वतःला दारूचा त्रास आहे तेच. शाळेचा वर्ग होता, पोरांची बाकं भिंतीला सरकवलेली, मध्ये गोलात प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात स्टीलच्या किटलीत चहा आणि मारी बिस्किटांचा पुडा, फळ्यावर अजून कुणाचीतरी अपूर्णांकांची गणितं. दादा दाराजवळची खुर्ची बघून बसला, पळायला बरं म्हणून. आणि समोरच्या खुर्चीवर आमचा पदेर!

आमच्या दारात रोज सकाळी सहाला सायकलवरून पोंय पोंय करत पाव घेऊन येणारा. दादाचे थरथरणारे हात बारा वर्षं रोज सकाळी जवळून बघितलेला जर कुणी असेल तर तो, कारण सुटे पैसे दादाच द्यायचा आणि अर्धे खाली पडायचे. दादाचा चेहरा असा झाला की मला वाटलं हा आता उठतोय. पण पदेराचा चेहरा त्याहून वाईट झाला होता. तोपण कुणी ओळखीचं भेटू नये म्हणूनच एवढ्या लांब येत होता. गावातल्या एकालाही माहीत नव्हतं, त्याला सोडून नऊ वर्षं झाली होती. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि पदेर हसायला लागला, मग दादापण, आणि सगळा वर्ग, कुणाला कारण माहीत नसताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाव आला. तो काही बोलला नाही, दादा काही बोलला नाही. (हे मी दोघांना विचारून लिहितेय, गाव मुद्दाम सांगत नाही. तिथे कोण दिसलं आणि कोण काय बोललं ते बाहेर न्यायचं नाही ही तिथली पद्धत आहे, नावातच अॅनॉनिमस आहे, निनावी.)

तर ती बाईक. समजा खरंच ती तुमच्या फॅक्टरीतल्या माणसाची होती. तो तिथे काय करत होता? बाईक हॉलबाहेर आणि माणूस आत असेल तर तो तुमच्याइतकाच घाबरलेला आहे आणि तुमच्या आधी दारातून गेलाय, एवढंच. दुसरीकडेच कुठे गेला असेल तर विषयच संपला.

हसण्याचं तर आता कळलं असेल. तिथे लोक आपल्याच भानगडी सांगतात आणि त्या ऐकताना आपलीच आठवण येऊन हसू येतं. दादाने एकदा सांगितलं होतं की लपवलेली बाटली कुठे लपवली तेच विसरून त्याने आईच्या कुळागरातली अर्धी केळ उकरली होती. घरी ह्या गोष्टीवर आई रडली होती. तिथे पंधरा जण पोट धरून हसले कारण पंधराही जणांनी काही ना काही उकरलं होतं.

कुलूप मात्र खरी अडचण आहे. यादीत किंवा गूगल मॅपवर जे दिसतं ते जुनं असू शकतं, ग्रुप जागा बदलतात, वार बदलतात, फेस्ताच्या किंवा परीक्षेच्या आठवड्यात हॉल मिळत नाही. म्हणूनच मी इथे तुम्हाला "अमक्या वारी अमक्या हॉलमध्ये" असं लिहून देत नाही, उद्या तिथेपण कुलूप दिसलं तर तुम्ही माझ्या नावाने अस्नोड्याला थांबाल. तुमच्या तिन्ही खेपांत एक गोष्ट सारखी आहे, तुम्ही दर वेळी जागा शोधत गेलात. आत कोण आहे, कुणाला हाक मारायची हे तुम्हाला एकदाही माहीत नव्हतं. चौथ्यांदा आधी माणूस शोधा.

एएची सुरुवातच तशी झालीय. १९३५ चा मे महिना, न्यूयॉर्कचा बिल नावाचा शेअर बाजारातला माणूस कामासाठी अमेरिकेतल्याच अॅक्रन गावी गेला, काम फिस्कटलं, परक्या गावात एकटा, दारू सोडून पाच महिने झालेले. हॉटेलच्या लॉबीत उभा, एका टोकाला बार, तिथून हसण्याचे आवाज (हे तुमच्या उलटं), दुसऱ्या टोकाला फोन आणि तिथल्या चर्चची यादी. त्याने यादीवरून फोन लावायला सुरुवात केली, मला इथला एखादा दारुडा भेटवून द्या म्हणून! आता अशा फोनला कोण काय उत्तर देणार. पण एकाकडून दुसऱ्याकडे करत करत दुसऱ्या दिवशी त्याची गाठ बॉब नावाच्या सर्जनशी पडली, तोपण तसलाच. डॉक्टर म्हणाला पंधरा मिनिटं देतो, आणि दोघं कितीतरी तास बोलत बसले. त्या डॉक्टरने शेवटचा घोट घेतला १० जून १९३५ ला, तीच एएची जन्मतारीख धरतात. भारतात हे १९५७ पासून आहे. नंतर दारू सोडायच्या बारा पायऱ्या आल्या, स्पॉन्सर (नवीन माणसाला सांभाळून घेणारा जुना मेंबर) आला, पुस्तकं आली, पण मुळात एका पिणाऱ्याने दुसऱ्या पिणाऱ्याला फोन करून शोधला एवढंच आहे ते.

तुम्ही तेच करायचं. मोबाईलवर एए इंडिया आणि गोवा असं टाकून बघा, भारतातल्या एएचं मुख्य ऑफिस मुंबईला आहे, त्यांच्याकडून तुमच्या भागातल्या ग्रुपचा नंबर मिळतो. तिथे कुणी उचलला नाही तर १४४४६, सरकारची व्यसनमुक्तीची फुकट हेल्पलाईन, किंवा १४४१६, टेलीमानस, सरकारचीच मानसिक आरोग्याची हेल्पलाईन. आणि बांबोळीला डॉक्टरकडे जाल तेव्हा तिथेच विचारा, त्यांचं रोजचं काम आहे ते, त्यांना ग्रुप माहीत असतात. फोनवर काय बोलायचं असं तुम्हाला वाटत असेल, तर एवढंच म्हणा, "मी डिचोलीचा, मला मिटींगला यायचंय, मी तीनदा येऊन परत गेलोय, कुणी गेटवर उभं राहील काय?" भाऊ, ह्या वाक्यावर समोरचा माणूस हसणार नाही, आणि हसलाच तर का ते तुम्हाला आता माहीत आहे. मग त्याला तीन गोष्टी विचारा: ह्या आठवड्यात नक्की आहे ना, ओपन की क्लोज्ड, आणि बोलतात कुठल्या भाषेत.

भाषेचं काय घेऊन बसलात हो. गोव्यात इंग्लिशवाले ग्रुप आहेत तसे कोकणीवाले आहेत आणि कोकणी तुम्ही डिचोलीच्या बाजारात दिवसभर बोलता. बोलायची वेळ आली तर मराठीत बोला, कुणी अडवणार नाही. आणि पहिल्या दिवशी बोलायची सक्ती नसते, "आज फक्त ऐकतो" म्हटलं की पुढच्याचा नंबर. त्या दिवशी घेतलेली असली तरी हाकलत नाहीत, फक्त ऐका म्हणतात. तासा-दीड तासाचा कार्यक्रम, फी नाही, एक थैली फिरते, चहाचा आणि भाड्याचा खर्च त्यातून निघतो, नवीन माणसाने काही टाकलं नाही तरी कुणी बघत नाही. शुद्ध मराठीतच पाहिजे असेल तर महाराष्ट्रातल्या ग्रुपच्या ऑनलाईन मिटींग असतात, कॅमेरा बंद ठेवून ऐकता येतं, सेकंड शिफ्टवाल्याला तर बरंच. पण त्यावरच भागवू नका, स्क्रीनवरून चहा मिळत नाही आणि गेटवर कुणी उभं राहत नाही.

चर्चचा हॉल म्हणजे चर्चचा कार्यक्रम नव्हे. हॉल मिळतो, स्वस्त असतो, संध्याकाळी रिकामा असतो म्हणून घेतात, एए कुठल्याच धर्माशी बांधलेलं नाही. देवाचं नाव निघतं, नाही असं नाही, शेवटी सगळे उभे राहून एक छोटी प्रार्थना म्हणतात, पण देव म्हणजे ज्याला जो समजेल तो असं त्यांच्या पायऱ्यांमध्येच लिहिलंय. दादा शांतादुर्गेला हात जोडतो, पदेर क्रूस काढतो, त्यांच्यात एक रिटायर्ड मास्तर आहेत ते देव मानतच नाहीत आणि प्रार्थनेच्या वेळी खुर्च्या गोळा करतात. तिघांचीही बंद आहे.

आता कुणी तुम्हाला सांगेल की हे सगळं कशाला, थेट पुण्याला मुक्तांगणला नेऊन टाका. मुक्तांगण चांगलंच आहे, १९८६ पासून कितीतरी घरं त्यांनी सावरली. पण राहून उपचार लागतील की नाही ते आधी डॉक्टरला ठरवू दे, आणि तिथून आलं तरी परत डिचोलीतच राहायचंय ना, तेव्हा जवळचा ग्रुप लागतोच. आणि ज्यांची अजून तुमच्याएवढी वाढलेली नाही, म्हणजे सकाळची थरथर नाही पण घरात कटकट सुरू झालीय, त्यांच्यासाठी पण सांगून ठेवते. आपल्या गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये संगथ ह्या संस्थेने डॉक्टर नसलेल्या, साध्या शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून अशा पुरुषांशी थोड्या बैठकांत बोलून बघितलं, २०१७ ला लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तीन महिन्यांनी बोललेल्यांपैकी शंभरात ३६ जण धोक्याच्या पिण्यातून बाहेर होते, न बोललेल्यांत २६. जादू नाही, पण नुसतं नीट बोलल्याने दहा जण जास्त.

बायकोबद्दल. ती माहेरी गेली तर तिला शिव्या घालू नका, आणि नाही गेली तर तुमचा विजय झाला असंही नाही. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन म्हणून वेगळे ग्रुप असतात, १९५१ साली बिलच्या बायकोनेच सुरू केलेले, त्याच फोनवर त्याचंपण विचारा आणि नंबर तिच्याकडे द्या. गेलंच पाहिजे म्हणून मागे लागू नका. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दादाला कसं थांबवायचं ते शिकायला गेले होते, आणि तिथल्या बायकांनी मला पहिलं विचारलं की तू जेवलीस काय.

तर असं करा. सेकंड शिफ्ट आहे म्हणजे सकाळ मोकळी, सोमवारी सकाळी बांबोळी, बायको नाहीतर आई सोबत. पण फोन त्याच्या आधी, आजच, हे वाचून झाल्या झाल्या, ड्युटीला निघायच्या आत. डॉक्टर हो म्हणाला की पुढच्या रविवारची मिटींग बघा. आणि त्या दिवशी स्कूटर घरी ठेवा. गोळ्यांवर चालवायचीपण नसते आणि तुमची स्कूटर फार पटकन वळते. बसने म्हापसा स्टँडवर उतरा, फोनवरच्या माणसाला तिथेच बोलवा, संपल्यावर तोच तुम्हाला परत बसमध्ये चढवून देईल, सांगितलं तर नक्की करतात. येताना अस्नोडा लागणारच. खिडकीच्या उलट्या बाजूला बसा आणि तिकीट थेट डिचोलीचं काढा.